किडनी देणाऱ्या बहिणीची मजुरी भरून देणं गुन्हा नाही

"दात्याले पैसे देल्ले का जेलात जा लागते." अमरावती-अकोल्याकडे घरात किडनीचा पेशंट असला की हे वाक्य कानावर येतंच. शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही येतं. परिणाम असा, की भावाला किडनी देणाऱ्या बहिणीचं एसटीचं भाडंसुद्धा तिच्याच पदरचं जातं आणि घरचे म्हणतात, कायद्यापुढे आमचा नाइलाज आहे. कायद्याचं नाव घेऊन केलेला हा अन्याय आहे, कारण कायदा असं म्हणतच नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 चा. त्याच्या कलम 2 मध्ये 'मोबदला' कशाला म्हणायचं ते सांगितलंय आणि कशाला म्हणायचं नाही, तेही. अवयव देण्यामुळे दात्याला थेट आलेला वाजवी खर्च आणि त्यापायी बुडालेली कमाई भरून दिली, तर तो मोबदला ठरत नाही. गुन्हा आहे तो अवयवाची किंमत देणं-घेणं, दलाली करणं, पैशांवर दाता शोधणं. त्याला कलम 19 खाली 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड आहे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत. लोकांपर्यंत पोचली ती फक्त दुसरी.

ती का पोचली, हेही उघड आहे. डिसेंबर 2015 मध्ये अकोल्यातलं किडनी प्रकरण बाहेर आलं. सावकारी कर्जात बुडालेल्या गरिबांना हेरून, श्रीलंकेला नेऊन किडनी काढल्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतर या भागात किडनी आणि पैसा हे शब्द एकत्र आले की माणसं धसकतात. भीती समजू शकते. पण सावकाराचं देणं फेडायला विकलेली किडनी आणि भावासाठी दिलेली किडनी यांना एकाच मापाने मोजायचं, हे चालणार नाही.

दात्याचा खर्च म्हणजे नेमकं काय? दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडची एखादी शेतमजूर बाई धरा. तपासण्यांसाठी अमरावती, कधी नागपूर, अशा अनेक खेपा. दर खेपेला एक रोज बुडतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे कापूस वेचायला गेली तरी गाठोडं डोक्यावर घेता येत नाही, आणि वेचणीचे पैसे तर किलोवर मिळतात. हंगाम सापडला तर वर्षाची कमाई हातची जाते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला, तर एप्रिल 2023 च्या आदेशानुसार त्याला 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. या बाईला कोण रजा देणार? महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते, दात्याची मजुरी नाही. इस्रायलने 2008 च्या कायद्याने जिवंत दात्याला 40 दिवसांच्या कमाईची भरपाई दिली. ब्रिटनमध्येही दात्याचा खर्च आणि बुडालेली कमाई भरून मिळते. त्याला तिथे कोणी अवयवांचा बाजार म्हणत नाही.

आणि हा भार कोणावर पडतो, तेही पाहा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार 2019 ते 2023 या काळात देशातल्या जिवंत दात्यांपैकी सुमारे 64 टक्के बायका होत्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'ट्रान्सप्लांट नागपूर-मुंबईलाच होतं.' नाही, अमरावतीच्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही किडनी प्रत्यारोपण होतं.

'गरिबाला परवडतच नाही.' महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा 2023 च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

'एका किडनीवर माणूस अधू होतो.' तपासून निवडलेला दाता एका किडनीवर नेहमीसारखं जगतो. बीपी आणि लघवी-रक्ताची तपासणी मात्र दरवर्षी हवी.

'रक्तगट जुळला नाही की संपलं.' 2011 च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांत जवळच्या नात्यातल्या दात्यांची अदलाबदल मान्य झाली आहे.

'सही केली की माघार नाही.' ऑपरेशनच्या आधी कधीही नाही म्हणता येतं.

आता करायचं काय? प्रवास, तपासण्या, औषधं, मुक्काम यांची बिलं आणि तिकिटं जपून ठेवा. बुडालेले रोज तारखेसह वहीत लिहा. मंजुरी देणाऱ्या समितीपुढे हे लपवू नका. लपवलेल्या पैशाचाच संशय येतो. मनात शंका असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी विचारा. खर्चापेक्षा जास्त रक्कम, 'किडनीचे इतके' असा सौदा किंवा मधला माणूस दिसला, तर तिथेच थांबा.

सरकारकडे मागणी एकच. रोजंदारीवरच्या दात्याची सहा आठवड्यांची मजुरी थेट तिच्या खात्यात जमा करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 1994 पासून त्याची मुभा आहे.