चेहरा ओळखायलाही शिकावे लागते

बोधगयेला थायलंड, म्यानमार, जपानचे भिक्खू पहिल्या दिवशी सगळे सारखेच वाटतात. काही दिवस सोबत राहिले की एकेक चेहरा वेगळा कळू लागतो. चेहरे तेच असतात, आपली नजर तयार झालेली असते.

या नजरेचा पाया तान्हेपणी पडतो. 6 महिन्यांच्या बाळाला दोन माकडांचे चेहरेही वेगळे ओळखता येतात. 9 महिन्यांपर्यंत ते जमेनासे होते, कारण भोवती माणसेच असतात. अमेरिकेत काही बाळांना माकडांची चित्रे दाखवताना प्रत्येक माकडाचे वेगळे नाव घेतले, काहींना सगळ्यांना नुसते 'माकड' म्हणून दाखवले. तीन महिन्यांनी नावे ऐकलेल्या बाळांची ओळख टिकली, दुसऱ्यांची गेली. हे वाचताना मला एका वॉर्डात ऐकलेले वाक्य आठवले, "वस्तीतल्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात." कधी नाव विचारलेच नाही, तर दिसणारच!

आता मुद्द्याचे. काही बाळांना जन्मतःच मोतीबिंदू असतो. डोळ्याची बाहुली पांढरट दिसते, डोळे सारखे हलतात किंवा तिरळे होतात, तीन महिने झाले तरी बाळ आईच्या तोंडाकडे बघून हसत नाही. घरात म्हणतात, "मोठं झालं की बघू." इथेच घात होतो. कॅनडात 2 ते 6 महिन्यांच्या वयात ऑपरेशन झालेली मुले काही वर्षांनी तपासली. त्यांना दिसत होते, पण दोन मिळत्याजुळत्या चेहऱ्यांत डोळे-तोंडातल्या अंतराचा फरक नीट कळत नव्हता. हुकले होते ते फक्त सुरुवातीचे काही महिने.

मोठ्या मुलाचे राहून गेले असेल, तरी दाखवाच. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये दिल्लीत उशिरा ऑपरेशन झालेली मुलेही चेहरा कोणता आणि वस्तू कोणती, हे काही महिन्यांत शिकली.

पांढरी बाहुली कधी डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असते. म्हणून काजळ-मध घालत बसू नका. आशाताईला सांगा, त्याच आठवड्यात रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्या. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचे उपचार मोफत आहेत. गरोदरपणी रुबेला झाला तरी बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, तेव्हा गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत, मुलगा असो की मुलगी, द्याच.