‘बाळ सांभाळण्यास बाई हवी’

गेल्या पंधरवड्यात एके दुपारी आमच्या कचेरीत एक तरुण भगिनी छोटी जाहिरात द्यायला आली होती. जाहिरात विभागातील सहकारी जेवायला गेले असल्यामुळे तिने आणलेला कागद आमच्याच हाती पडला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘साडेपाच महिन्यांच्या बाळास सांभाळण्यासाठी प्रौढ, प्रेमळ, निरोगी बाई हवी. सकाळी सात ते संध्याकाळी सात. घरी येऊन.’ जाहिरातीचा दर शब्दागणिक असल्याने यांतला कोणता शब्द गाळता येईल, असा तिचा प्रश्न होता. थोडा विचार करून तिने स्वतःच ‘निरोगी’ हा शब्द खोडला. ‘प्रेमळ’ तेवढा ठेवला.

विचारपूस करता कळले ते असे. ती फोंडा तालुक्यातली. रसायनशास्त्राची पदवीधर. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधनिर्मिती कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे नोकरी. येत्या पहिल्या तारखेस तिला कामावर रुजू व्हायचे होते. ओळखीपाळखीत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत महिनाभर विचारून झाले होते. सासूबाई संधिवाताने जर्जर. आई डिचोलीला मुलाच्या मुलांत गुंतलेली. यजमानांना रजा नाही का, असे आम्ही सहज विचारले, तेव्हा ती हसली. ‘बारशाला दोन दिवस मिळाले होते,’ म्हणाली.

आपल्या समाजाने बाळंतिणीची हेळसांड केली, असे कोणी म्हणू शकणार नाही. सव्वा महिना तिला थंड पाण्यात हात घालू द्यायचा नाही, तेल आणि शेक द्यायचा, धुरी द्यायची, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, ऊन ऊन पेज तिच्या पुढ्यात न्यायची, हा रिवाज ऐपतीप्रमाणे घरोघरी पाळला गेला. पहिले बाळंतपण माहेरी करण्यामागेही शहाणपण होते. परंतु या साऱ्या व्यवस्थेने एक गोष्ट गृहीत धरली होती : सव्वा महिन्याने बाई उठेल ती चुलीपाशी, फार तर विहिरीपर्यंत जाईल, आणि मूल हाकेच्या अंतरावर असेल.

‘पूर्वीच्या बायका घरीच असत, म्हणून मुले नीट वाढत’ हे वाक्य व्यासपीठावरून अजूनही ऐकू येते. ते आम्हांला कधीच पटलेले नाही. खाजणातल्या शेतांत लावणी कोणी केली? भल्या पहाटे मासळीची पाटी डोईवर घेऊन बाजार कोणी गाठला? काजूच्या कारखान्यांतून बिया फोडून आणि सोलून ज्यांची बोटे काळी पडली, त्या कोण होत्या? त्या सगळ्या आयाच होत्या. बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्या चिखलात उतरल्या आणि मूल रडले की वर आल्या. कष्टकरी आई ही काही आजची नवलाई नव्हे. नवे आहे ते काम आणि पाळणा यांमधले अंतर. प्रश्नाची खरी गाठ तेथे आहे, आणि कायदे करणाऱ्यांनीही ती पुरतेपणी ओळखलेली दिसत नाही.

कायदा वाईट नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा १९२९ साली झाला. स्वतंत्र भारताचा देशव्यापी कायदा आला १९६१ मध्ये. त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली ती त्या वर्षीच्या १२ डिसेंबरला, आणि त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. त्या कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही मुदत कायम ठेवली. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आणि सव्वीस आठवड्यांची ही मुदत यांचा मेळ सहज बसतो.

पण हा मेळ कागदावरचा आहे. या सव्वीसपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्या बाईने ते घेतले, तिच्या हाती नंतर अठराच उरतात. म्हणजे मूल चार महिन्यांचे होते न होते तोच ती उंबरठ्याबाहेर पडते. हे ठाऊक असल्यामुळेच पुष्कळजणी शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जातात. आमच्याकडे आलेली भगिनी नवव्या महिन्यात बस बदलून वेर्ण्यास जात होती. पोटातल्या बाळाची विश्रांती काढून घेऊन ती जन्मलेल्या बाळासाठी राखून ठेवायची, असा हा व्यवहार.

पुढचे कलम अधिकच बोलके आहे. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत त्याला पाजण्यासाठी आईला दोन सुट्या मिळाल्या पाहिजेत, असे कायदा म्हणतो. उत्तम. परंतु मूल फोंड्यात आणि आई वेर्ण्यात असेल, तर या दोन सुट्यांत तिने काय करावे? दूध काढून ठेवायचे म्हटले, तर त्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली लागते. आमच्याकडील किती कचेऱ्यांत अशी खोली आहे? जुन्या फायलींना खोली असते, साहेबांच्या चहाला खोली असते. आईला मात्र स्वच्छतागृहाचा आडोसा दाखवला जातो. ज्या जागी आपण स्वतः पाण्याचा पेला तोंडाला लावणार नाही, तेथे उभे राहून तिने बाळाचे दूध काढायचे.

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. कोजागरीच्या दिवशी गडावर दूध घालायला गेलेली ही गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे आत अडकली, आणि घरी तान्हे मूल आहे या एकाच ध्यासाने अंधारात कडा उतरून गेली. महाराष्ट्रातल्या एस. टी. स्थानकांवर स्तनपानासाठी केलेल्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. पण या दंतकथेतला एक तपशील आपण भराभर ओलांडून पुढे जातो. महाराजांनी तिचा साडीचोळीने गौरव केला आणि ती ज्या वाटेने उतरली तेथे बुरूज बांधला. बुरूज बांधला, म्हणजे ती वाट बंद केली. गडाच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीर झाला असता, तर तिने काय केले असते, हे मात्र कथा सांगत नाही. आपणही अजून तेवढ्यावरच आहोत. मातृदिनी सत्कार होतो, शाल मिळते. दरवाजा मिटायचा त्या वेळी मिटतोच.

दरवाजा उघडायचा तर पाळणाघर हवे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर ठेवण्याची सक्ती होती. हेतू चांगला, हिशेब मात्र घातक. कारण त्यातून मालकाला एकच धडा मिळत होता : तिसांच्या पुढे बायका घेऊ नका. २०१७ च्या दुरुस्तीने ही खोड काढली. आता पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, पाळणाघर असले पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे. पाळणाघर स्वतंत्र असो वा इतरांबरोबर सामायिक, दोन्ही चालते. ही ‘सामायिक’ची सवलत आमच्या राज्याला जणू उद्देशूनच दिली आहे. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, तुये या वसाहतींत लहानमोठे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत. प्रत्येकाने एका कोपऱ्यात एक पाळणा टांगून तपासनिसाला दाखवण्यापेक्षा वसाहतीचे मिळून एक चांगले पाळणाघर का असू नये? जागा औद्योगिक विकास महामंडळाने द्यावी, खर्च कारखान्यांनी वाटून घ्यावा. तान्ह्या मुलाला घेऊन बसने तासभर प्रवास करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण मूल जवळ आहे, एवढ्या जाणिवेनेही पुष्कळ साधते.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. कामगार राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या स्त्रियांचा लाभ विमा महामंडळ देते. पण ज्यांचा पगार त्या मर्यादेच्या वर आहे, त्यांच्या सव्वीस आठवड्यांचा सगळा बोजा एकट्या मालकावर पडतो. लहान उद्योजक मग मुलाखतीस आलेल्या नवविवाहितेकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे सांगायला नको. १९२८ साली मुंबई विधिमंडळात या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्याचे प्रतिपादून, या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असा मुद्दा मांडला होता. जवळजवळ शंभर वर्षे होत आली. मूल राष्ट्राचे, आणि बिल मात्र कारखानदाराचे, असे म्हटल्यावर कारखानदार बिल टाळण्याचाच मार्ग शोधणार.

तिसऱ्या दिवशी ती भगिनी पुन्हा आली. जाहिरात आणखी चार दिवस चालू ठेवायची होती. दोघीजणी येऊन गेल्या होत्या. दोघीही स्वभावाने चांगल्या, कामाची गरज असलेल्या. परंतु एकीचे मूल वर्षाचे, दुसरीचे दहा महिन्यांचे. ‘आमच्या पोराला बरोबर आणले तर चालेल का?’ हा दोघींचाही पहिला प्रश्न होता. घर दोन खोल्यांचे. तिला होय म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना.

या दोघींना रजा कोण देणार? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाटी मांडून बसणारी, परगावाहून येऊन आपल्याकडच्या नव्या इमारतींसाठी खडी वाहणारी, दुसऱ्याचे मूल सांभाळणारी, यांच्या बाबतीत ‘रुजू होणे’ हा शब्दच लागू नाही; कारण त्यांची रजाच नसते. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती-लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. पण जिचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, तिला त्याचा काय उपयोग? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे : पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्यांनी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान सहा हजारांचे अभिवचन होते. सव्वीस आठवड्यांचे दिवस मोजले तर पाच हजारांतून दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. तेवढ्यात सध्याच्या दराने बांगडे किती येतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे सुरू केली, ती ‘मोबाईल क्रेशेस’ या नावाने प्रसिद्ध पावली. काम जेथे जाईल तेथे पाळणा न्यायचा, एवढी साधी ती कल्पना. अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची केंद्राची ‘पालना’ योजना २०२२ पासून आहे. आमच्या पंचायतींनी आणि नगरपालिकांनी तिच्याकडे नीट लक्ष द्यावे. बाजार-संकुल बांधताना दुकानांचे गाळे किती निघतील, यावर सभा गाजतात. मासळीच्या बाजारालगत तान्ह्या मुलांसाठी एक हवेशीर खोली काढावी, असा ठराव कोणी आणला तर विरोध कोण करील?

तूर्तास हा सारा डोलारा आजीच्या गुडघ्यांवर उभा आहे. नात्यातल्या जिव्हाळ्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण साठ वर्षे राबलेल्या बाईला साठाव्या वर्षी पुन्हा बिनपगारी, बिनरजेच्या नोकरीत रुजू करून घेताना तिची संमती किती घरांत विचारली जाते? आणि आजोबा कुठे असतात? केंद्र सरकारच्या सेवेत पित्याला पंधरा दिवसांची रजा मिळते. तेथील स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांखेरीज सेवाकाळात मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा २००८ पासून आहे. खाजगी क्षेत्रातल्या बापाला मात्र बारशाचे दोन दिवस, तेही उपकारादाखल. मुलाचे लंगोट बदलल्याने पुरुषाच्या पौरुषाला बाधा येते, असा आमच्या ओळखीच्या काही सुशिक्षितांचा अजूनही समज आहे.

दुसऱ्यांना उपदेश करताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या संपादकीय विभागात एक हुशार सहकारी होती. मुद्रितातली चूक तिच्या नजरेतून निसटत नसे आणि तिने केलेले मथळे अजून आठवतात. बाळंतपणानंतर ती तीन आठवडे कामावर आली. रात्रपाळीऐवजी दिवसपाळी मिळेल का, असे तिने दोनदा विचारले. ‘पाहू’ असे आम्ही दोनदा म्हणालो. चौथ्या आठवड्यात तिचा राजीनामा आला. आम्ही छोटासा निरोपसमारंभ केला, नारळ दिला, ‘मातृत्वाची जबाबदारी श्रेष्ठ’ असे भाषणही केले. ते भाषण आठवले की आज लाज वाटते. दिवसपाळी देणे मुळीच अशक्य नव्हते. फक्त एका ज्येष्ठ गृहस्थाची गैरसोय झाली असती.

आमच्या कचेरीतील माणसे पन्नास भरत नाहीत, तेव्हा पाळणाघराचे कलम आम्हांला बांधत नाही. तथापि वरच्या मजल्यावर जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांनी भरलेली एक खोली आहे. ते गठ्ठे तळमजल्यावर हलवून ती महिनाअखेर मोकळी करण्याचे ठरले आहे. खिडकी पूर्वेला असल्याने उजेड चांगला येतो. सुताराला दाराची आतली कडी बसवायला सांगितले आहे.