टेबलाची कड आणि उजेडाचा ठिपका

नांदेड-लातूरच्या शाळांतली मुलं इंटरमिजिएट ग्रेड ड्रॉइंगला बसतात, तेव्हा त्यांना स्थिरचित्र काढावं लागतं. समोर कळशी, एखाददुसरं फळ, मागे चुण्या पाडून सोडलेलं कापड. ही मांडणी युरोपात सतराव्या शतकात, बरोक काळात, भरभराटीला आली आणि 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांमुळे आपल्याकडे रुजली. सपाट पृष्ठावर डोळ्याला चकवायच्या त्या काळच्या युक्त्याही मुलांना सांगायला हव्यात. या युक्त्यांना पैसा लागत नाही, नीट पाहावं मात्र लागतं.

पहिली युक्ती कडेची. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं फळांच्या टोपलीचं चित्र (सुमारे 1599) मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात आहे. टोपली डोळ्यांच्या पातळीला आहे, त्यामुळे खालचा कट्टा नुसत्या पट्टीसारखा दिसतो आणि टोपलीचा तळ त्या पट्टीच्या जरासा पुढे आलेला असतो. एवढ्यावर ती टोपली आपल्या अंगावर येते. सफरचंद किडकं, पानं सुकलेली. तीही तितक्याच निष्ठेने रंगवलेली. स्पेनच्या सांचेझ कोतानने सुमारे 1602 मध्ये खिडकीसारख्या चौकटीत कोबी दोरीने टांगला, जसं आपल्याकडे शिंकं टांगतात, आणि काकडीचं टोक चौकटीबाहेर काढलं. मागे निव्वळ काळोख. भिंत नसल्याने खोली किती, ते कळतच नाही. डच चित्रकारांनी टेबलाच्या कडेवरून लिंबाची साल लोंबती सोडली, सुरीची मूठ तिरकी बाहेर काढली. माझ्या मते ती तिरकी सुरी सगळ्यांत हुशार: पातं आत, मूठ बाहेर, आणि टेबलाची खोली आपोआप कळते. परीक्षेच्या कागदावर सगळ्या वस्तू मधोमध गर्दी करतात, तेव्हा ही सुरी आठवावी.

दुसरी युक्ती चकाकीची. तैलरंगात चित्रकार अंधाराकडून उजेडाकडे येतो. पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवत द्राक्षाचा गर उजळतो आणि शेवटी शिशाच्या पांढऱ्या रंगाचा जाडसर ठिपका ठेवतो. जलरंगात उलटं. तिथे पांढरा म्हणजे कोरा कागद, तो सुरुवातीपासूनच राखावा लागतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर या माध्यमाचे उस्ताद. निरांजनावर हात धरलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात, याचं वाईट वाटतं. बोटांवरचा तो तांबूस उजेड जलरंगातला आहे.

काळही अशा तैलचित्रांवर हात फिरवतो. जुन्या डच चित्रांत कधीकधी पानं निळी दिसतात: निळ्यावर चढवलेला पिवळा थर उडाला, निळा राहिला.

चकाकीतच प्रतिबिंबही सापडतं. चित्रकार क्लारा पीटर्सने 1612 च्या चित्रात (ते आता कार्ल्सरुहेत आहे) सोनेरी चषकाच्या फुगवट्यांवर स्वतःची चिमुकली प्रतिबिंबं पुन्हा पुन्हा काढली. घासलेल्या पितळी कळशीतही हेच दिसतं: वर्गाची खिडकी वाकून येते, चित्र काढणाराही दिसतो. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरहून बिदर जवळच आहे. तिथल्या बिदरी सुरईचं काळं अंग आणि चांदीची नक्षी एकत्र रंगवणं तर फारच कठीण. काळं पृष्ठ उजेड गिळतं, चांदी तो परत फेकते. अर्धापूरची केळी, पानचिंचोलीची चिंच आणि मागे अशी एक सुरई: कलाशिक्षकांनी ही मांडणी एकदा करून पाहावी, खिडकी मात्र डावीकडे एकच उघडी ठेवावी.