श्रमाची नोंद

इंग्लंडमधील अँड्र्यू गोवर या तरुणाने २००१ साली बंधू पॉल यांच्या साथीने ‘रुनस्केप’ हा ऑनलाइन खेळ सुरू केला. त्यात खेळाडू लाकडे तोडतो, खनिज खणतो, धातू वितळवतो. मूळ रचनेत प्रत्येक कौशल्याच्या ९९ पायऱ्या. ९२ वी गाठल्यावर कोठे निम्मे श्रम पूर्ण होतात! तरीही मुले कंटाळत नाहीत, कारण प्रत्येक घाव तत्काळ जमेस धरला जातो. पेढीवर बसणाऱ्या मुलाच्या कानी मात्र केवळ चुकाच येतात. सायंकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांचे स्मरण होते. दुकान वाढवताना वडीलधाऱ्यांनी त्याच्या चांगल्या कामाचेही स्मरण करावे. श्रमाची नोंद घरातच झाली, तर ती पडद्यावर शोधण्याची ओढ आपोआप ओसरेल.