शेवाळाचे खापर हवेच्या माथी

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, रांजणगाव सांडसपाशी, मुळा-मुठा भीमेला मिळते. शिक्रापूरची वेळ नदीही अखेर भीमेतच जाते. म्हणजे पुणे शहराचे सांडपाणी काय, किंवा आमच्या शिवारांतून वाहून गेलेले खत काय, दोहोंचा मुक्काम एकच : १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण. उन्हाळ्यात या जलाशयाचे पाणी हिरवे पडते, आणि त्याच जलाशयातून सोलापूरला पिण्याचे पाणी जाते. पुण्यातील पाषाण तलावावर जलपर्णीचा गालिचा पसरतो, त्याचे मूळही याहून निराळे नाही.

या हिरवेपणाचे कारण विचारले की हल्ली ‘हवामानबदल’ हे उत्तर तत्परतेने पुढे येते. हवेत कर्बवायू वाढला, शेवाळाला खाद्य मिळाले. त्याला बिचारी नगरपालिका काय करणार? उत्तर मोठे सोयीचे आहे, आणि नवेही नाही. १९७०च्या सुमारास अमेरिकेत धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर बंधन घालण्याची मागणी झाली, तेव्हा साबण कारखानदारांच्या बाजूने हाच युक्तिवाद झाला होता : शेवाळ कर्बावर पोसते, स्फुरदावर नव्हे. त्याचा निकाल कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लागला. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एका तळ्याच्या मध्यभागी पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत नत्र आणि कर्ब घातले, एकात मात्र स्फुरदही. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला. दुसरा स्वच्छ राहिला. दुसऱ्या एका तळ्यात कर्ब मुळातच कमी होता. तेथे नत्र व स्फुरद मिळताच शेवाळाने लागणारा कर्ब हवेतून ओढून घेतला.

कारण साधे आहे. एक ग्रॅम स्फुरद मिळाले की शेवाळ सुमारे चाळीस ग्रॅम कर्ब बांधू शकते. कर्ब पुरवायला सारे आकाश मोकळे आहे. स्फुरद मात्र आपल्याच गटारांतून आणि शेतांतून येते.

मग वाढत्या कर्बवायूचा संबंधच नाही काय? आहे, पण तो आपली सुटका करणारा नाही. स्फुरदाने तुडुंब झालेल्या तळ्यात भर दुपारी पाण्यातील कर्बवायू संपत येतो, पाणी अल्कधर्मी होते, आणि पुढची वाढ हवेतील पुरवठ्यावर अवलंबून राहते. हवेतील त्याचे प्रमाण १९५८ साली दशलक्षात सुमारे ३१५ भाग होते, ते आज ४२० च्या पुढे गेले आहे. अशा तळ्यांत शेवाळाचा थर यामुळे अधिक दाट होईल, असे ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. याचा अर्थ, स्फुरद रोखण्याची निकड कमी न होता वाढली आहे.

दाट थराखाली रात्री प्राणवायू संपतो, पहाटे मासे मरून तरंगतात. नील-हरित शेवाळाच्या काही जाती विष सोडतात. त्यांतले मायक्रोसिस्टिन पाणी उकळूनही नष्ट होत नाही. तरीही शुद्धीकरण केंद्राची चर्चा बीओडीच्या आकड्यापाशी थांबते. स्फुरद काढण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि तिची चौकशी करणारा नगरसेवक विरळाच. शिवाय तळाच्या गाळात साठलेले स्फुरद वर्षानुवर्षे पुन्हा पाण्यात येत राहते, म्हणून आज केलेल्या बंदोबस्ताचे फळ लगेच दिसणार नाही. भीमेकाठचा शेतकरी मात्र सुपर फॉस्फेटची गोणी रोख पैसे मोजून आणतो, आणि तेच स्फुरद त्याच्या बांधाशेजारून फुकट वाहत असते.