पहिला जीव कोठून आला?

सजीव व निर्जीव यांचा पाठ चालू असता वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, कोंबडी अंड्यातून आली आणि अंडे कोंबडीपासून आले, मग सर्वांत पहिला जीव कोठून आला?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शास्त्रज्ञांनाही त्याचे संपूर्ण उत्तर अद्याप सापडलेले नाही. तथापि जेवढे सापडले आहे तेवढे शिक्षकास ठाऊक असावे, व सिद्ध झालेले कोणते आणि तर्काचे कोणते हा भेद त्याने मुलांपुढे स्पष्ट ठेवावा.

साठवणीच्या धान्यात पोरकिडे होतात, पहिल्या पावसाबरोबर डबक्यांत बेडूक दिसू लागतात. यावरून जीव आपोआप उपजतात असा समज पूर्वी बहुतेक देशांत रूढ होता. आपल्याकडील प्राचीन वर्गीकरणात जरायुज, अंडज व उद्भिज्ज यांच्या जोडीला स्वेदज, म्हणजे घामातून वा दमट उष्म्यातून उपजणारे, असा वर्ग आहे तो अशाच निरीक्षणामुळे. इटलीतील फ्रान्सिस्को रेदी याने १६६८ साली या समजुतीस पहिला धक्का दिला. त्याने काही भांड्यांतील मांस उघडे ठेवले व काहींवर झिरझिरीत कापड बांधले. अळ्या पडल्या त्या उघड्या मांसात. कारण माश्यांना अंडी घालता आली ती तेथेच. हा प्रयोग शाळेत दोन बरण्या, सोललेली पिकली केळी व मलमलीचा तुकडा एवढ्यावर करता येतो. (झाकलेल्या बरणीतही अळ्या दिसल्यास निराश होऊ नये, अंडी आधीच कशी आली असतील, हे मुलांनाच शोधू द्यावे.)

सूक्ष्म जंतूंविषयीचा वाद मात्र पुढे दोनशे वर्षे चालला. फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेप्रमाणे वळलेल्या नळीच्या चंबूत पोषक द्रव उकळून ठेवला. हवा आत जाई, पण धूळ वळणावरच अडे. द्रव नासत नसे. मान मोडली की तो थोड्याच दिवसांत नासे. जीव जीवापासूनच होतो, हे यावरून ठरले.

येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. जीव जीवापासूनच होतो, तर निर्जीव पृथ्वीवर तो उपजला कसा? पाश्चरने दाखविले ते एवढेच की, आजच्या परिस्थितीत उकळलेल्या द्रवात काही दिवसांत वा महिन्यांत जंतू आपोआप होत नाहीत. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशाच्या सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांच्या खुणा आढळतात. म्हणजे निसर्गाच्या हाती कोट्यवधी वर्षे होती, आणि त्या काळच्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता.

अशा परिस्थितीत साध्या वायूंपासून सेंद्रिय द्रव्ये बनली असावीत, असे रशियातील ओपारिन याने १९२४ साली व इंग्लंडमधील हॉल्डेन याने १९२९ साली स्वतंत्रपणे मांडले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले, पुढे त्यांनी येथील नागरिकत्व घेतले, व १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

या तर्काची कसोटी शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने आपले गुरू हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली लावली. काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया व हायड्रोजन भरून, खालचे पाणी उकळत ठेवून, विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याभरात पाणी गडद तांबडे झाले, व त्यात ग्लायसीन, ॲलॅनीन इत्यादी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, सापडले. १९५३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मिलरने जीव निर्माण केला, असे मात्र कोणी सांगू नये. विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. शिवाय तत्कालीन हवा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व नत्रवायूची होती असे पुढे बहुतेकांचे मत झाले, आणि तशा हवेत ही द्रव्ये फार कमी बनतात. परंतु २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावी पडलेल्या अशनीतही अमिनो आम्ले मिळाली. सबब, या विटा निसर्गात घडतात याविषयी शंका उरली नाही.

घर कसे रचले गेले, हा खरा कठीण भाग होय. पेशीत प्रथिने बनविण्यास केंद्रकाम्ले लागतात, आणि केंद्रकाम्ले बनविण्यास प्रथिने लागतात. म्हणजे पुन्हा कोंबडी आणि अंडेच! टॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखविले की, आर.एन.ए. हे केंद्रकाम्ल माहितीही साठविते व रासायनिक क्रियाही घडविते. त्याबद्दल त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथम आर.एन.ए. आले असावे, हा तर्क त्यावरून बळावला. स्थळाविषयी मात्र मतभेद कायम आहे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळाशी उष्ण झरे सापडले; आरंभ तशा जागी झाला असे काही म्हणतात, तर काहींच्या मते तो जमिनीवरील, आळीपाळीने आटणाऱ्या व भरणाऱ्या डबक्यांत झाला.

मग आज कोठे नवा जीव का उपजत नाही? डार्विनने १८७१ सालच्या एका खासगी पत्रात याचे उत्तर सुचविले होते. असे द्रव्य आज कोठे तयार झालेच, तर आधीपासून असलेले जीव ते तत्काळ खाऊन टाकतील. जे त्यांच्या तोंडून सुटेल, त्याचा हवेतील प्राणवायू हळूहळू नाश करील.