शेजारधर्म आणि शिडीचा व्यापार

रविवारची मिस्सा आटोपल्यावर मंडळी चर्चच्या आवारात घटकाभर बोलत उभी राहतात. कुणाच्या पिकाची, कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या मुलीच्या शिक्षणाची विचारपूस होते. हा परस्परविश्वास म्हणजे धर्मग्रामाची खरी ठेव होय. पवारांच्या जुन्या धार व देवास संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी घरे असोत, की इतरत्रची खेडी असोत, आज एका व्यापाराची दृष्टी नेमकी याच ठेवीवर आहे. शक्तिवर्धक गोळ्यांचा डबा किंवा चेहऱ्यास लावावयाचे मलम घेऊन एखादा आप्त घरी येतो. परंतु वस्तू घ्या, यापेक्षा ‘तुम्हीही आमच्यात सामील व्हा’, असाच त्याचा आग्रह अधिक असतो. लोक याला ‘साखळी’ किंवा ‘नेटवर्क मार्केटिंग’ म्हणतात.

या साखळीचा उगम पाहण्याजोगा आहे. कार्ल रेनबोर्ग नावाचे अमेरिकन गृहस्थ चीनमध्ये काही वर्षे राहून मायदेशी परतले आणि १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वांचे पूरक अन्न विकू लागले. त्यातील एक मुख्य वनस्पती म्हणजे आपण गुरांना घालतो तो लसूणघास! १९३९ साली या धंद्यास ‘न्यूट्रिलाइट’ हे नाव मिळाले. १९४५ साली विक्रीची सूत्रे मायटिंजर व कॅसलबेरी या दोघांच्या हाती गेली. त्यांतील एक दफनभूमीतील जागा विकणारा, तर दुसरा मानसशास्त्रज्ञ. स्वतः माल विकावा, नवे विक्रेते जोडावेत आणि त्यांच्या विक्रीवरही आपणांस वाटा मिळावा, ही युक्ती यांच्याच काळात रूढ झाली.

तथापि विक्रीबरोबर अतिशयोक्तीही वाढली. गोळ्यांनी नाना रोग बरे होतात असे सुचविणारी पुस्तिका घरोघर गेली. अमेरिकन सरकारने माल जप्त केला, वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९५१ साली असे दावे करण्यास न्यायालयीन हुकुमाने बंदी झाली.

१९४९ साली रिच डीव्हॉस व जे व्हॅन अँडेल हे दोघे तरुण मित्र न्यूट्रिलाइटचे विक्रेते झाले. त्यांनीच १९५९ साली मिशिगन राज्यात ‘ॲमवे’ कंपनी स्थापिली आणि १९७२ साली न्यूट्रिलाइटवरच ताबा मिळविला. १९७९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने निर्णय दिला, की केवळ माणूस आणल्याबद्दल येथे पैसे मिळत नाहीत व न विकलेला माल परत घेतला जातो, म्हणून ही योजना बेकायदा नव्हे; मात्र कमाईचे फुगविलेले दावे थांबवावेत. १९९८ साली ही कंपनी भारतात व्यापार करू लागली. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तिची योजना १९७८ च्या पैसे-फिरवणूक बंदी कायद्याच्या कक्षेत येते असे मत दिले. २०२२ साली सक्तवसुली संचालनालयाने तिची सुमारे ७५७ कोटी रुपयांची मालमत्ता जप्त केली. आपण कायदा पाळतो, असे कंपनीचे म्हणणे आहे. आणि जप्ती म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

परंतु एका कंपनीचा निकाल काहीही लागो, शिडीचे गणित बदलत नाही. समजा, एकाने सहा माणसे जोडली आणि त्या प्रत्येकाने आणखी सहा. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा. असे करीत आठव्या पायरीवर १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत अवघ्या देवास जिल्ह्याची लोकसंख्या पाळण्यातील बाळांसह सुमारे १५ लाख ६३ हजार होती! नवव्या पायरीवर एक कोटीहून अधिक माणसे हवीत. तेवढी धार व देवास हे दोन्ही जिल्हे मिळूनही नाहीत. तेव्हा शेवटच्या पायरीवरील माणसाने कोणास जोडावे? बहुतेक जण याच पायरीवर असतात. त्यांच्या आळसामुळे नव्हे, तर शिडीच्या घडणीमुळेच त्यांचे हात रिते राहतात.

देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया यांनी गरिबांच्या संघटनेचा एक निराळा मार्ग दाखविला. त्यांनी आदिवासी शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून दिले, सरकारी योजनांची वाट दाखविली व सावकारांच्या पाशातून सुटण्याचे बळ दिले. याच कार्यापायी २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. त्यांनीही माणसे जोडली. परंतु जोडलेल्या माणसामागे कमिशन घेतले नाही. दुबळ्याला उभे करणे आणि दुबळ्याच्या खांद्यावर पाय ठेवून आपण वर चढणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सचोटीने वस्तू विकणे हे पाप नव्हे. बेरोजगार तरुण किंवा घर सांभाळणारी माउली चार पैशांच्या आशेने यात पडते, तेव्हा तिचा उपहास करू नये. मात्र पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. सामील होण्यासाठी शुल्क मागतात काय? २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार ते घेता येत नाही. न खपलेला माल परत घेतात काय? विक्रेत्याजवळ ओळखपत्र आहे काय? आणि कोणी सामील झाले नाही, तरी केवळ ही वस्तू या किमतीस आपण घेतली असती काय? शिवाय मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे सोडून अशा गोळ्यांवर कदापि विसंबू नये. पूरक अन्नाच्या डब्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते शब्द आधी वाचावेत.

घरी आलेल्या आप्तास चहा द्यावा, त्याची अडचण आपुलकीने ऐकावी आणि ‘नाही’ म्हणावयाचे असल्यास प्रेमाने म्हणावे. ज्याचा माल घरात पडून आहे, त्यास पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात टाळू नये. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असे प्रभूने सांगितले. त्या प्रीतीत वरची पायरी नाही आणि खालचीही नाही.